मॅडमच्या खिडकीतला पक्षी

दुकान हातात यायच्या आधीच मी पाटी रंगवली होती. पुढच्या सगळ्या धाकधुकीचं मूळ त्या पाटीत आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. गर्द हिरव्या फळीवर सोनेरी अक्षरांत ‘आर्ट गॅलरी’, आणि दोन्ही टोकांना एकेक मोर. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ती सरळ मावेना, म्हणून कपाटामागे तिरकी उभी केलेली. पाहुणे आले की मी चहाआधी कपाट सरकवायचे. माहेरी केंदूरला सांगून झालं, सासरच्यांना सांगून झालं, भाजीवालीलासुद्धा सांगून झालं. सगळे विचारायचे, “गॅलरी कुठं आहे?” मी म्हणायचे, “स्टेशन रोडला.” स्टेशन रोड खोटा नव्हता. गॅलरी तेवढी नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तसबिरींना चौकटी करून द्यायचे आणि उरल्या वेळात चित्रं काढायचे. हे सगळं दोन खोल्यांत. काचा पलंगाखाली, चौकटीच्या पट्ट्या मोरीत, ओली चित्रं स्वयंपाकघरातल्या दोरीवर. आमचे हे मालगाडीवर गार्ड. ड्यूटीवरून आले की दारातच उभे राहून विचारायचे, “पाय कुठे ठेवू?” एकदा त्यांनी दोरीवर वाळणाऱ्या गणपतीवर आपला ओला बनियन टाकला, आणि माझ्या लक्षात आलं, संसार आणि कला यांतलं एक आता घराबाहेर न्यावं लागणार. संसाराला कुणी जागा देईना.

स्टेशन रोडवरच्या एका दगडी इमारतीत खालचा गाळा रिकामा झाला होता. त्याला रस्त्याच्या बाजूला माणसाच्या उंचीची एकसंध काच होती. मागे रुंद फळी, वर झरोका. दौंडात तशी दुसरी काच नव्हती, आणि मला रात्रंदिवस तीच दिसायची. वरच्या मजल्यावर मालकीणबाई राहायच्या. रेल्वेच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, ख्रिस्ती, एकट्या. फुलाफुलांचा फ्रॉक, हातात वेताची काठी. जिना उतरायचा कंटाळा आला की त्या वरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या आणि पाववाला तीत पाव ठेवायचा. सगळं गाव त्यांना मॅडम म्हणायचं.

मी करंज्यांचा डबा घेऊन वर गेले, तर एसटीडी बूथवाला आधीच खुर्चीत बसलेला. त्याला तोच गाळा हवा होता. मॅडमनी आम्हा दोघांकडे पेपर तपासावा तसं पाहिलं.

“हा काचेला निळा कागद लावणार. फोनवर बोलणारा माणूस बाहेरून दिसू नये म्हणून. तू काय करणार?”

“सजवीन, मॅडम.”

“कशी?”

“तुम्ही म्हणाल तशी!” मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे. पाय मागून येतात.

मॅडम आत गेल्या आणि एक जुना फोटो घेऊन आल्या. रेल्वे बंगल्याची खिडकी, आणि तीत नाताळची मांडणी. मधोमध काचेच्या घुमटाखाली पेंढा भरलेला पक्षी. भोवती शंख, शिंगं, नेच्याची पानं, औषधाच्या बाटल्या, बंद पडलेलं घड्याळ, कसल्या तरी बिया, कंदील.

“माझ्या डॅडींची विंडो. त्यांच्या ग्रँडफादरनं सुरू केली, क्वीन व्हिक्टोरियाच्या टाइमला. जगातल्या अजब वस्तू जमवायच्या आणि मांडायच्या. नाताळला सगळी रेल्वे कॉलनी बघायला यायची. डॅडी गेले, सामान गेलं. फोटो राहिला.” काठी जमिनीवर आपटली. “नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मी रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहणार. आवडली तर किल्ली तुझी. नाही तर निळा कागद.”

मी जिना उतरायला लागले, तेव्हा मागून आवाज आला, “आणि बर्ड पाहिजे. बर्डशिवाय विंडो नाही!”

करंज्यांचा डबा त्यांच्याकडेच राहिला. माझी हिंमत मात्र जिन्यात कुठे तरी सांडली, कारण नाताळ तोंडावर आला होता.

ह्यांनी फोटो दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला. “एवढं सगळं एका माणसानं जमवलं? कशाला?”

“हौस.”

“आमच्याकडे असलं घरात ठेवलं की आई म्हणायची, भंगारवाल्याला घाल.”

यजमानांच्या तोंडून कधी कधी अशी देववाणी निघते. दुसऱ्याच दिवशी मी पिशव्या घेऊन निघाले.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भंगारवाल्याकडे मला किल्ली हरवलेलं बैलगाडीच्या चाकाएवढं जड कुलूप मिळालं, आणि पितळी अत्तरदाणी. ती मी विकत घेतली. शिरूरला एका जुन्या औषधाच्या दुकानात माळ्यावर निळ्या काचेच्या बाटल्या धूळ खात होत्या. दुकानदारांनी त्या उसन्या दिल्या, पण देताना प्रत्येक बाटलीत मूठभर लिमलेटच्या गोळ्या टाकल्या. मी म्हटलं, “काका, गोळ्या कशाला?” ते म्हणाले, “भांडं रिकामं कसं देऊ? लेकीसारखी आहेस.” मी हसले आणि एक गोळी तोंडात टाकली. ही रीत आपल्याकडे आहेच. उसनं भांडं रिकामं देत नाहीत, रिकामं परत करत नाहीत. त्यात भ्यायचं काय, असं मला तेव्हा वाटलं.

मग जीपला लोंबकळत केंदूर. आमच्या घरातून मेंढरं जाऊन शेती आली त्याला पिढी उलटली होती, पण चुलत्यांच्या, म्हणजे आप्पांच्या दारावर टकरीच्या एडक्याची दोन सुटी शिंगं अजून होती. पीळ घातलेली, भंडाऱ्यानं पिवळी पडलेली. दर दिवाळी पाडव्याला त्यांची पूजा व्हायची.

“कशाला पायजेत गं तुला?” आप्पांनी विचारलं.

“काचेत मांडायचीत. बघायला एक मॅडम येणार.”

“येकच? ह्याची टक्कर बघाया जत्रा लोटायची, आन् तू येका बाईसाठी न्हेतीस व्हय?” पण त्यांनी शिडी लावली आणि शिंगं उतरवली. खाली ठेवली नाहीत. सरळ माझ्या ओंजळीत दिली. “भुईला टेकवू नगं. आन् जशीच्या तशी घिऊन ये. ह्या घरात ह्याच्यावानी दुसरं काय बी न्हाई.”

मी ओंजळ छातीशी धरली.

मी निघणार, तेवढ्यात काकू आडवी आली. “थांब. रिकामं नगं न्हेऊ.” शिंगं आतून पोकळ असतात. काकूनं दोन्हींत बाजरी भरली आणि तोंडाला चिंधीचे बोळे कोंबले.

“अगं, शिंग म्हणजे काय भांडं आहे का?”

“पोकळ हाय न्हवं? मंग भांडंच. आन् काम व्हईस्तवर काढू नगंस. रिकाम्यानं काम व्हत न्हाई.”

आता मला सांगा, कपाटामागे पाटी तयार असलेल्या बाईनं हे ऐकल्यावर बाजरी काढायची हिंमत करावी का? मी तर चिंध्या आणखी आत दाबल्या.

न्हावऱ्यावरून चौफुला, चौफुल्यावरून वरवंड. सबंध प्रवास शिंगं मांडीवर, कारण भुईला टेकवायची नव्हती. शेजारचा प्रवासी म्हणाला, “बाई, जनावर माघून येतंय का?” वरवंडला ह्यांचे मामा. सोसायटीचे चेअरमन असताना त्यांना सत्कारात एक घड्याळ मिळालं होतं, काचेच्या टोपीखाली सोनेरी गोळे फिरणारं. गोळे फिरायचे थांबले होते. टोपी शाबूत होती. हाच माझा घुमट!

मामी टोपी पुसत म्हणाल्या, “घड्याळ राहू दे, काच न्हे. पन थांब गं बाय.” आणि गुऱ्हाळावरचा ताजा गुळाचा खडा आणला. लिंबाएवढा. “हे त्याच्यात ठिवायचं.”

“मामी, त्यात पक्षी ठेवायचाय.”

“पाखरू गुळावर बसंल की. काम झाल्याबिगर हलवायचा न्हाई हां, सांगून ठिवते.”

केंदूर आणि वरवंडमध्ये एका शब्दाचं बोलणं झालेलं नव्हतं, तरी दोघींचा कायदा एकच. घाबरलेल्या माणसाला तेवढा पुरावा पुष्कळ होतो.

पक्षी काही मिळाला नाही. पेंढा भरलेला पक्षी आपल्याकडे कोण ठेवतो? आपण पक्षी दाण्यावरून हाकलतो, किंवा दाणे टाकून बोलावतो. मरून बसलेल्याला कपाटात ठेवायची आपली पद्धत नाही. शेवटी मी तो घरीच केला. कापसाचं अंग, कोंबड्याची पिसं, काळे मणी डोळ्यांना, आणि चिकटवायला मैद्याची खळ. ह्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

“कसा आहे?”

“मेलाय, हे पटतं,” हे म्हणाले. “पण कशानं मेला ते विचारलं तर काय सांगशील?”

आदल्या संध्याकाळी मॅडमनी गाळा उघडून दिला. मी फळीवर काळं मखमली कापड अंथरलं. मागे पडदा बांधला, म्हणजे आतली अडगळ दिसणार नाही. शिंगं, बाटल्या, कुलूप, अत्तरदाणी, ओढ्याकाठची नेच्याची पानं, सुगरणीचं घरटं, ह्यांनी लिलावात घेतलेला जुना गार्डाचा कंदील. मधोमध काचेची टोपी, तिच्याखाली गुळाचा खडा, आणि गुळावर माझा पक्षी. मामींच्या शब्दाबाहेर मी गेले नाही. झरोक्याची काच फुटलेली होती आणि तिथून चिमण्या ये-जा करायच्या. हे म्हणाले, “पुठ्ठा लावून टाकतो.” ते काही तरी टाकतो म्हणाले की मी निश्चिंत होत नाही, पण त्या दिवशी तेवढाही विचार करायला मन जागेवर नव्हतं.

सकाळी नुसती कडी लावलेलं दार उघडलं आणि पडद्याआडून आत डोकावले.

मखमलीवर एक लाल रेघ होती. मी ठेवलेली नव्हती. ती हलत होती.

मुंग्या! चौकटीच्या फटीतून निघून लिमलेटच्या बाटल्यांना वळसा घालून थेट काचेच्या टोपीखाली. गूळ दिसेनासा झाला होता. आणि माझा पक्षी! मैद्याची खळ मुंग्यांना आवडते हे मला त्या दिवशी कळलं. एक पंख गळून पडला होता, दुसरा चालला होता. खरंच चालला होता. मुंग्या त्याला बिऱ्हाड हलवावं तसा घेऊन निघाल्या होत्या. एक मण्याचा डोळा माझ्याकडे लावून ते ध्यान आडवं पडलं होतं.

वर जिन्यात काठी वाजली. टक. टक.

“अहो! हळद!” मी ओरडले. ह्यांनी समोरच्या हॉटेलातून हळदीची पुडी आणली. मी मुंग्यांच्या वाटेवर हळद टाकली, आणि काळ्या मखमलीवर जेजुरी अवतरली. गूळ काढावा तर मामींचा कायदा. ठेवावा तर मुंग्या. मी टोपी उचलली, पक्ष्याची शकलं ओच्यात घेतली, आणि गूळ... गूळ मी तोंडात टाकला. बाहेर नाही काढला, आपल्यातच ठेवला, असा हिशेब. दोन मुंग्यांनी जिभेला डसून तो नामंजूर केला. त्या गडबडीत माझं कोपर शिंगाला लागलं. चिंधीचा बोळा निसटला आणि बाजरी सर्रर्र करत मखमलीवर पसरली.

टक. काठी शेवटच्या पायरीवर.

“मी त्यांना रस्ता ओलांडून देतो,” हे म्हणाले. “हळूहळू.” नवरा म्हणून त्यांनी आयुष्यात जे जे केलं त्यात त्या ‘हळूहळू’चा नंबर फार वर आहे. पण स्टेशन रोड ओलांडायला किती वेळ लागणार? मी पडद्यामागे गुडघ्यांवर बसले. तोंडात गूळ, ओच्यात पक्षी, पुढे आयुष्यातलं एकुलतं एक दुकान. पडद्याच्या फटीतून पलीकडचा फुटपाथ दिसत होता. मॅडम पोचल्या, वळल्या, चष्मा पुसायला लागल्या. त्यांच्या बाजूला एसटीडीवाला पेढ्यांचा पुडा घेऊन उभा. पेढे! त्यानं निकाल आधीच लावला होता. माझ्या डोळ्यांसमोर पाटी आली, आणि तिच्यावरचे दोन मोर. त्यांना आता जन्मभर कपाटामागे उभं राहायचं होतं. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

आणि झरोक्यातून चिमणी आली. पुठ्ठा लागलाच नव्हता.

आधी सुगरणीच्या घरट्यावर बसली, जणू भाड्याची चौकशी करतेय. मग उडी मारून एडक्याच्या शिंगावर. तिथे ती थांबली. मान तिरकी करून, अगदी निश्चल. काळ्या मखमलीवरच्या पिवळ्या शिंगावर, मधोमध.

मला खोकला आला. मुंगी, गूळ आणि भीती एकाच वेळी घशात गेली की येतो. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. हलले तर ती उडणार. ती उडाली तर बर्ड नाही, आणि बर्ड नाही तर विंडो नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी मनातल्या मनात खंडोबाला म्हणाले, देवा, हिला पेंढा भरल्यासारखी ठेव, थोडा वेळ.

देव कामात असावा. चिमणी शिंगावरून उतरली आणि बाजरी टिपायला लागली. मग तिनं झरोक्याकडे बघून आवाज दिला, आणि तिच्यामागून सगळं गणगोत आलं. बाटल्यांवर, कुलपावर, कंदिलावर चिमण्या. हळदीत पावलं उमटवत, भांडत, एकमेकींच्या चोचीतलं पळवत. एक अत्तरदाणीत डोकं घालून बसली.

पलीकडे मॅडमनी काठी उचलली. रस्त्यानं येणारा टांगा थांबला. त्या सरळ काचेपाशी आल्या आणि नाक काचेला लावून उभ्या राहिल्या. मी पडद्यामागून उठले, कारण बसून राहण्यात आता काही अर्थ नव्हता. एक चिमणी उडून पुन्हा बसली.

मॅडमनी काचेवर टकटक केली. “कोणी स्टफ केली ही?”

“मॅडम,” मी गुळासकट म्हणाले, “जिवंत आहेत.”

“मला दिसतं. म्हातारी आहे, आंधळी नाही.” त्या चिमण्यांकडेच बघत होत्या. “डॅडींचा बर्ड सगळी वर्षं एकाच बाजूला बघत बसला. मला त्याच्या डोळ्यांची भीती वाटायची. हे कधी कोणाला सांगितलं नाही.”

एवढं बोलून त्या वळल्या आणि जिना चढून गेल्या. हो नाही, ना नाही. एसटीडीवाला पेढे घेऊन त्यांच्यामागे धावला. वर दार लागलं.

मी आणि हे फुटपाथवर उभे. ह्यांच्या गाडीची वेळ होत आली होती, पण ते जागचे हलले नाहीत. चिमण्यांनी मखमल स्वच्छ करत आणली होती. “बाजरी संपली की उडतील,” मी म्हणाले. मला वाटत होतं, बाजरी असेपर्यंतच आशा आहे. शेवटी मी आत जाऊन दुसऱ्या शिंगाचा बोळाही काढला. काम झालं नव्हतं. कायदा मोडला. पण पाखरं बसलेली हवी होती.

बऱ्याच वेळानं एसटीडीवाला खाली उतरला. पुडा हातातच होता, दोरा सुटला नव्हता. तो आमच्याकडे न बघता स्टेशनकडे चालू लागला. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी वर बघितलं.

गॅलरीतून टोपली खाली येत होती. हळू, गोल गोल फिरत. तीत माझा करंज्यांचा डबा होता. माझा जीव गेला. डबा परत, म्हणजे हिशेब मिटला, संबंध संपला. टोपली माझ्या छातीपाशी येऊन थांबली आणि मी डबा उचलला. तो जड होता. झाकण उघडलं तर आत मनुकांनी भरलेला काळपट केक, आणि केकमध्ये अर्धी रुतलेली लोखंडी किल्ली.

वरून आवाज आला, “रिकामा डबा पाठवत नाहीत ना तुमच्यात? इतकी वर्षं दौंडात राहते मी! आणि हे बघ, झरोक्याला काच बसवायची नाही. एग्रीमेंटमध्ये लिहिणार आहे.”

मी रस्त्यात उभी राहून हसले का रडले ते ह्यांना विचारा. मला गूळ आठवतो, केक आठवतो, आणि किल्लीची चव. कारण मी ती चाटून साफ केली.

पाटी दुपारीच आणायची ठरली. हे ड्यूटीवर निघाले. चार पावलं गेले आणि थांबले. वळून काचेकडे बघत म्हणाले, “बाटल्यांत आता गोळ्या आपण भरायच्या. मामींच्या काचेत लाडू ठेवशील. पण आप्पांना शिंगं परत करताना त्यात काय भरणार?”

बाजरी तर चिमण्यांनी खाल्ली होती. आप्पांनी ‘जशीच्या तशी’ म्हटलं होतं. त्यांच्या घरात त्या शिंगांसारखं दुसरं काही नव्हतं, तर त्या मोलाचं मी काय भरणार?

मी डब्याकडे बघितलं. केकचा एक तुकडा मोडला, शिंगाच्या तोंडाशी धरून बघितला. बरोबर बसत होता.